मरणापूर्वीची आत्मशुद्धी : इमाम गझालींचा विचार
(तृतीय वर्ष कला, तत्त्वज्ञान)

इस्लाम धर्माविषयी आपल्याला जी माहिती असते ती बहुधा बाह्य आचारांची असते. मरणाच्या बाबतीतही तसेच आहे. मरणासन्न माणसाच्या जवळ बसून कलमा म्हणतात, यासीन सूरा वाचतात, प्राण गेल्यावर गुस्ल म्हणजे स्नान घालतात, पुरुषाला तीन व स्त्रीला पाच वस्त्रांचे पांढरे कफन करतात, जनाज्याची नमाज पढून मृतदेह मातीच्या स्वाधीन करतात, एवढे आपण ऐकून किंवा पाहून असतो. पण या साऱ्या विधींत एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मृत देहाला स्नान दुसरे लोक घालतात. आत्म्याचे स्नान मात्र ज्याचे त्यालाच आणि तेही जिवंतपणी करावे लागते. देहाच्या स्नानाला अर्धा तास पुरतो. आत्म्याच्या स्नानाला किती वेळ लागतो, ते कसे करायचे आणि ते शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकलता येते काय, हे प्रश्न इस्लामच्या विचारवंतांनी फार बारकाईने चर्चिले आहेत. त्यांपैकी अबू हामिद अल् गझाली या थोर विचारवंताच्या आधाराने या विषयाचा थोडा परिचय करून देण्याचा माझा प्रयत्न आहे.

‘तज्किया’ या शब्दाचा अर्थ

आत्मशुद्धीला अरबीत ‘तज्किया’ म्हणतात. हा शब्द ज्या धातूपासून झाला त्याचे अर्थ दोन आहेत : शुद्ध होणे आणि वाढणे. शेतातले तण उपटले की पीक स्वच्छही होते आणि जोमानेही वाढते. या दोन क्रिया वेगळ्या नाहीत. ‘जकात’ हा आपल्या परिचयाचा शब्दही याच धातूचा. वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंना दिला की उरलेले धन शुद्ध होते, ही त्यामागची कल्पना. म्हणजे शब्दाच्या पातळीवरच आत्मशुद्धीचा संबंध देण्याशी जोडलेला आहे. हे सूत्र पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ते येथेच नोंदवून ठेवतो.

कुराणातील ९१ व्या ‘शम्स’ या सूरेत सूर्य, चंद्र, दिवस, रात्र, आकाश, पृथ्वी आणि अखेरीस माणसाचा आत्मा यांच्या शपथा एकामागून एक घेतल्या आहेत आणि त्यानंतर सांगितले आहे की, ज्याने आत्म्याला शुद्ध केले तो तरला आणि ज्याने त्याला दडपून टाकले तो बुडाला. इतक्या शपथा घेऊन सांगावी अशी ही एकच गोष्ट वाटावी, यावरून तिचे महत्त्व कळते.

नफ्सच्या तीन अवस्था

माणसाच्या अंतरंगातील ‘मी’पणाला अरबीत ‘नफ्स’ म्हणतात. आपण याचे भाषांतर प्रसंगानुसार मन, जीव किंवा आत्मा असे करतो. कुराणात निरनिराळ्या ठिकाणी नफ्सचे जे तीन प्रकारचे उल्लेख येतात, त्यांवरून अभ्यासकांनी तिच्या तीन अवस्था मानल्या. पहिली ‘अम्मारा’, म्हणजे वाईटाची आज्ञा करणारी. हिचा उल्लेख १२ व्या ‘यूसुफ’ सूरेत आहे. दुसरी ‘लव्वामा’, म्हणजे स्वतःला दोष देणारी, टोचणी लावणारी. हिचा उल्लेख ७५ व्या सूरेत आहे. तिसरी ‘मुत्मइन्ना’, म्हणजे शांत, निवांत झालेली. ८९ व्या सूरेच्या शेवटी या शांत झालेल्या आत्म्याला परत येण्याचे निमंत्रण दिले आहे.

या तीन अवस्था म्हणजे तीन वेगवेगळे आत्मे नव्हेत. एकाच माणसाच्या आयुष्यात, किंबहुना एकाच दिवसात, या तिन्ही अवस्था येऊ शकतात. आत्मशुद्धी म्हणजे पहिलीकडून दुसरीच्या द्वारे तिसरीकडे जाणे. येथे मला दुसरी अवस्था सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला टोचणीच लागत नाही त्याची वाटचाल सुरूच होत नाही. सुखाने झोपणारा प्रत्येक माणूस शांत आत्म्याचा असतोच असे नाही. काहींची झोप केवळ बधिरतेची असते.

शेवटच्या घटकेची तौबा

पश्चात्तापपूर्वक परत फिरणे म्हणजे ‘तौबा’. येथे एक सोयीचा विचार कोणाच्याही मनात येईल. परमेश्वर जर दयाळू व क्षमाशील आहे, तर आयुष्यभर मनाला येईल तसे वागावे आणि शेवटी एकदा मनापासून तौबा करावी, काय बिघडले?

या युक्तिवादाला कुराणातच उत्तर आहे. चौथ्या ‘निसा’ सूरेत स्पष्ट सांगितले आहे की, जे दुष्कृत्ये करीत राहतात आणि मृत्यू समोर उभा राहिल्यावर ‘आता मी तौबा करतो’ असे म्हणतात, त्यांची ती तौबा नव्हे. दहाव्या सूरेत याचे उदाहरणही आले आहे. मूसाचा पाठलाग करणारा फरोहा समुद्रात बुडू लागल्यावर ईमान आणल्याचे जाहीर करतो, तेव्हा त्याला विचारले जाते की, आता? दुसऱ्या बाजूने हदीसमध्ये असेही सांगितले आहे की, प्राण कंठाशी येऊन घरघर लागेपर्यंत तौबेचे दार उघडे असते. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. पण तसे नाही. ज्या क्षणापर्यंत माणसाला निवड करता येते त्या क्षणापर्यंत तौबा आहे. निवडच संपली की उरते ती केवळ भीती, आणि भीतीने उच्चारलेल्या शब्दाला नैतिक मूल्य नाही. परीक्षेची घंटा झाल्यावर पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासू म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

गझालींचे आयुष्य

गझालींनी आत्मशुद्धीचा विचार केवळ ग्रंथात मांडला असता तर तो इतका परिणामकारक झाला नसता. तो विचार त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिला. त्यांचा जन्म १०५८ मध्ये इराणच्या खोरासान प्रांतातील तूस येथे झाला. निशापूर येथे इमाम जुवैनी यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांचे शिक्षण झाले. सेल्जुक सुलतानांचा वजीर निजाम उल् मुल्क याने १०९१ मध्ये त्यांना बगदादच्या निजामिया विद्यापीठात मुख्य अध्यापक नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेहेतीस वर्षांचे होते. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान, वादविवादात विजय, अशी कोणालाही हेवा वाटावी अशी त्यांची स्थिती होती.

आणि १०९५ साली हा माणूस वर्गात उभा राहिला असता त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. आत्मचरित्रात त्यांनी याचे जे वर्णन केले आहे ते आपल्या प्राध्यापकांनी आणि आपणही वाचण्यासारखे आहे. आपण शिकवतो ते कशासाठी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर आले की ईश्वरासाठी नव्हे, कीर्तीसाठी. सुमारे सहा महिने त्यांचे मन हेलकावे खात होते. एक पाऊल पुढे आणि एक मागे असे चालले होते. जीभ चालेना, अन्न जाईना. हा रोग शरीराचा नसून अंतःकरणाचा आहे, असे सांगून वैद्यांनी हात टेकले. अखेर कुटुंबाच्या निर्वाहापुरते ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकून ते मक्केला जातो असे सांगून बगदादहून बाहेर पडले. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात ते दिवसचे दिवस एकांतात बसत. तेथून ते जेरुसलेमला व पुढे हजला गेले. दहा-अकरा वर्षांच्या या काळात त्यांचा ‘इह्या उलूम अद्दीन’ म्हणजे ‘धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन’ हा प्रचंड ग्रंथ आकारास आला. ११०६ मध्ये ते पुन्हा निशापूरला शिकवू लागले आणि १८ डिसेंबर ११११ रोजी जन्मगावी तूस येथे मरण पावले.

या घटनाक्रमात मला एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. ते कायमचे वनवासी झाले नाहीत; परत येऊन पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, हेतू बदलला होता. आत्मशुद्धी म्हणजे व्यवसाय सोडणे नव्हे, तर त्यामागचा हेतू स्वच्छ करणे, हा त्यांच्या आयुष्याचा निष्कर्ष म्हणता येईल.

आत्म्याशी केलेला व्यापार

‘इह्या’ची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात चार भाग असून प्रत्येकात दहा असे एकूण चाळीस ग्रंथ आहेत. पहिला भाग उपासनेचा, दुसरा रोजच्या व्यवहाराचा, तिसरा विनाशक दोषांचा आणि चौथा तारक गुणांचा. क्रोध, मत्सर, कंजूषपणा, दिखाऊपणा, गर्व हे विनाशक; तर तौबा, सब्र, कृतज्ञता, निःस्पृहता, प्रेम हे तारक. चाळिसावा आणि शेवटचा ग्रंथ मृत्यूच्या स्मरणाविषयी व परलोकाविषयी आहे. एवढ्या मोठ्या वाटचालीचे टोक मृत्यूच्या स्मरणात आहे, हा योगायोग नव्हे.

या ग्रंथातील अडतिसाव्या प्रकरणात गझालींनी आत्मपरीक्षणाची जी पद्धत सांगितली आहे ती अगदी पेढीवरच्या व्यवहारासारखी आहे. माणसाची बुद्धी हा व्यापारी, नफ्स हा त्याचा भागीदार, आयुष्य हे भांडवल. भागीदाराच्या हाती भांडवल देताना शहाणा व्यापारी काय करील? गझालींच्या मते सहा गोष्टी कराव्या लागतात. पहिली ‘मुशारता’ : सकाळीच नफ्सशी करार करणे. दुसरी ‘मुराकबा’ : दिवसभर तिच्यावर नजर ठेवणे. तिसरी ‘मुहासबा’ : दिवसअखेर हिशेब तपासणे. चौथी ‘मुआकबा’ : तूट आल्यास शिक्षा करणे. पाचवी ‘मुजाहदा’ : आळसाविरुद्ध झगडून जास्त कष्ट घेणे. सहावी ‘मुआतबा’ : तिची खरडपट्टी काढणे.

यातला मुहासबा हा गाभा आहे. आपल्याला जाब विचारला जाण्यापूर्वी आपणच स्वतःला जाब विचारावा, असा उपदेश दुसरे खलीफा उमर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. गझालींच्या आधी होऊन गेलेले बसऱ्याचे हारिस (मृत्यू ८५७) यांना तर या आत्महिशेबावरूनच ‘मुहासिबी’ हे नाव मिळाले. दुकानदार रात्री दिवा लावून रोजमेळ लिहितो, पैशाचाही फरक आला तर पुन्हा बेरीज करतो. तोच माणूस दिवसभरात बोललेल्या शब्दांचा मेळ मात्र कधीच घालत नाही, ही गझालींची तक्रार आजही खोटी ठरलेली नाही.

माणसांचे येणे

आता या विषयातील सर्वांत कठीण भागाकडे वळतो. इस्लाममध्ये हक्कांचे दोन प्रकार मानले आहेत : ‘हक्कुल्लाह’ म्हणजे ईश्वराचा हक्क आणि ‘हक्कुल इबाद’ म्हणजे माणसांचा हक्क. नमाज चुकली, रोजा मोडला, तर तो ईश्वराचा आणि माणसाचा आपसांतला मामला. पण कोणाचे पैसे बुडवले, बांध कोरला, चहाडी केली, अब्रू घेतली, तर तेथे मामला तिघांचा होतो. अशा वेळी तौबेला तीन अटी पुरत नाहीत. पाप सोडणे, झाल्याबद्दल खंत वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन अटी तर आहेतच. पण चौथी अट अशी की, ज्याचे त्याला परत केले पाहिजे किंवा त्याच्याकडून माफी मिळवली पाहिजे. पैसे ज्याचे आहेत तो सापडतच नसेल, तर ते त्याच्या वतीने दान करावेत. निंदेच्या बाबतीत मात्र शास्त्रकारांत मतभेद आहेत. काहींच्या मते ज्याची निंदा केली त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितलीच पाहिजे. काहींच्या मते त्याच्यासाठी प्रार्थना करणे पुरे, कारण सांगायला गेल्याने त्याला नव्याने दुःख होईल.

सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात दिवाळखोराची एक गोष्ट आहे. पैगंबरांनी सोबत्यांना विचारले की दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याजवळ पैसा नाही तो. त्यावर पैगंबरांनी सांगितले की, निवाड्याच्या दिवशी पुष्कळ नमाज, रोजे व जकात घेऊन येणारा एक माणूस असेल. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचे धन खाल्लेले असेल, कोणाला मारलेले असेल. तेव्हा त्याची पुण्ये एकेक करून त्या लोकांना वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्या खाती टाकली जातील. खरा दिवाळखोर तो. धर्मयुद्धात प्राण देणाऱ्याचे सर्व काही माफ होते, पण कर्ज नाही, असेही एका हदीसमध्ये सांगितले आहे. म्हणूनच मृताच्या मालमत्तेतून दफनाचा खर्च भागवला की प्रथम कर्ज फेडायचे, नंतर मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे, आणि मग वारसांची वाटणी करायची, असा क्रम शरीअतने लावला. मृत्युपत्रानेही एक तृतीयांशाहून जास्त मालमत्ता बाहेर देता येत नाही. आजारी पडलेल्या साद इब्न अबी वक्कास यांना आपले बहुतेक धन दान करायचे होते. परंतु मुलाबाळांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे बरे, असे सांगून पैगंबरांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले. मरताना पुण्य कमावण्याची घाईसुद्धा दुसऱ्याच्या हक्कावर पाय देऊन करता येत नाही, हा यातला अर्थ.

हे सारे ग्रंथांत वाचत असताना मला आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध शिंप्याची आठवण झाली. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू. दम्याने थकल्यावर त्यांनी मशीन पुतण्याला दिले आणि एक जुनी वही काढून महिनाभर घरोघर फिरले. आमच्या घरी आले तेव्हा आईला म्हणाले, “वहिनी, तुमच्या खणातलं वीतभर कापड माझ्याकडे राहिलं होतं. ते मी दुसऱ्याच्या पिशवीला लावलं. माफ करा, नाहीतर पैसे घ्या.” आई म्हणाली, “चाचा, वीतभर कापडाचं काय घेऊन बसलात!” त्यावर ते म्हणाले, “तुम्हांला ते वीतभर. माझ्या वहीत ते अजून तेवढंच आहे. तोंडानं म्हणा, माफ केलं.” आईने तसे म्हटले तेव्हाच त्यांनी पाण्याचा पेला हातात घेतला. पुढच्याच घरी त्यांना एवढ्या सहज माफी मिळाली नाही. तेथे जुन्या भांडणाचा विषय निघाला आणि चाचांना दोनदा जावे लागले. चाचा त्यानंतर दोन वर्षे जगले. ‘कहा-सुना माफ करना’ हे शब्द आपण हजला निघालेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडून ऐकतो आणि ती एक रीत समजतो. त्या रीतीमागे हक्कुल इबादचा एवढा मोठा विचार उभा आहे, हे मला गझाली वाचल्यावर उमगले.

भय आणि आशा

असा काटेकोर हिशेब मांडत गेले तर माणूस निराश होणार नाही काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. गझालींनी याचा विचार केला आहे. भय आणि आशा ही दोन्ही औषधे आहेत, आणि औषध रोगाप्रमाणे द्यायचे असते, असे ते मानतात. निर्धास्तपणे पाप करणाऱ्याला भयाचे औषध द्यावे, निराशेने खचलेल्याला आशेचे. धडधाकट असताना भयाचे पारडे जड असावे, कारण त्याने माणूस हातपाय हलवतो. पण मृत्यूच्या वेळी आशेचेच पारडे जड असावे. कारण तेव्हा काम करण्याची वेळ संपलेली असते आणि भयाचा उपयोग उरलेला नसतो. मरणाऱ्याने परमेश्वराविषयी चांगलीच अपेक्षा मनात ठेवून जावे, असे हदीसमध्येही सांगितले आहे. म्हणूनच मरणासन्नाजवळ कलमा म्हणताना तो हळुवार म्हणायचा, त्याने एकदा उच्चारला की पुन्हा पुन्हा आग्रह धरायचा नाही, असा दंडक आहे.

गझालींच्या स्वतःच्या मरणाविषयी त्यांचे बंधू अहमद यांनी सांगितलेली हकीकत अशी की, सोमवारी पहाटे त्यांनी वुजू करून नमाज पढली, कफन मागवून घेतले, त्याचे चुंबन घेऊन ते डोळ्यांना लावले आणि राजाच्या भेटीला जाण्याची तयारी दाखवून पाय लांब केले. उजाडण्यापूर्वी ते गेलेले होते. ज्याचा हिशेब रोजच्या रोज होत होता, त्याला शेवटच्या दिवशी वेगळी धावपळ करावी लागली नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो.

आपल्या परंपरेशी नाते

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे भगवद्गीतेचा आठवा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. अंतकाळी ज्याचे स्मरण होते ती गती मिळते, असे तेथे सांगितले आहे. पण लगेच पुढे सर्वकाळ स्मरण करण्याचा उपदेश आहे. शेवटचा क्षण हा आयुष्यभराच्या सवयीचे फळ असतो, हे दोन्हीकडे समान आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी आपल्या ग्रंथाला ‘योगसंग्राम’ हे नाव दिले. आतल्या शत्रूंशी लढण्याचा हा विषय गझालींच्या मुजाहद्याला जवळचा आहे. सूफी आणि भागवत अशा दोन्ही परंपरांचे पाणी प्यालेला हा कवी मराठीतच लिहीत होता, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

फरकही सांगितला पाहिजे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे प्रसिद्ध आहेत. हक्कुल इबादचे ऋण शेजारच्या, नाव-गाव असलेल्या माणसाचे आहे. ते यज्ञाने, अध्ययनाने किंवा संततीने फिटत नाही; त्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते. दोन्ही कल्पना शेजारी ठेवून पाहिल्या तर एकीने दुसरीत भर पडते, असे मला वाटते.

समारोप

विद्यार्थिमित्रहो, विशीत मरणाचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझे उत्तर असे की, वर मांडलेल्या साऱ्या विवेचनात मरणाविषयी फार थोडे आहे. त्यात आहे ते करार पाळणे, उसने परत करणे, हेतू तपासणे आणि क्षमा मागणे. यांपैकी एकही गोष्ट म्हातारपणीच करण्यासारखी नाही. उलट ज्याच्याकडे क्षमा मागायची तो माणूस जिवंत आणि जवळ असताना ती सोपी असते. मृत्यूचे स्मरण हे येथे जगण्याचे वेळापत्रक आहे. आत्म्याची शुद्धी एकांतात सुरू होते खरी, पण ती पुरी होते दुसऱ्याच्या उंबरठ्यावर. ज्याचे आपण काही देणे लागतो त्याने ‘माफ केले’ असे म्हटल्याखेरीज ती पुरी झाली असे इस्लाम मानत नाही, आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला हे पटण्यास अडचण पडू नये.